खलबत्ता नुसता पुसला, तिथंच चुकलं

सगळ्यांच्या आधी गाडीतनं उडी मारून आली ती माझी नात चिऊ, मागनं माझी लेक सुमन. बेळगावासनं निपाणीला आज्जीकडं! मला आनंद मावंना.

चिऊला शेंगदाणा चालत न्हाई, हे हल्लीच कळलंय. म्हणून वांग्यात कूट घातलंच न्हाई, तेलबी सूर्यफुलाचं. कुटाशिवाय वांगं, काय सांगू बायांनो!

दोन घासांत पोरीचे ओठ सुजले, धाप लागली.

"आई, शेंगा घातल्यास व्हय गं?" सुमन ओरडली.

"देवाशप्पथ न्हाई!"

तशीच दवाखान्यात पळवली. इंजेक्शननं पोरगी सावरली, तवा मला आठवलं. लसूण खलबत्त्यात ठेचलता. शेंगाची चटणी त्यातच कुटतो आम्ही, आणि दगडाला साबण कोण लावतंय? नुसता पुसलेला.

डॉक्टर म्हणाले, "आज्जी, एवढंसंबी पुरतं. हिची भांडी वेगळीच पायजेत."

संध्याकाळी तिथनंच बेळगावला निघताना चिऊनं इचारलं, "आज्जी, आता तुझ्या हातचं काय खाऊ?" घरात कशालाबी हात लावायची भीती वाटतीया.

असं लेकरू असलेल्यांनी सांगा गं, तुम्ही कसं करता? गुरुवारी परत येतो म्हणालेत.