पुढचं टायर

राजारामपुरीतल्या ज्या सायकलवाल्याकडे मी कित्येक वर्षं जातोय, त्याचा आवाज चौकापर्यंत ऐकू यायचा. डोंगरात चालवायच्या सायकलीला टायर कुठलं घ्यावं, असं कुणी विचारलं की तो रबराच्या गाठी अंगठ्यानं दाबत ओरडायचा, "पुढचं माती धरणारं पायजे, मागचं पळणारं! मागचं घसरलं तर माणूस सावरतोय, पुढचं घसरलं की संपलं की वो!" कुणी पुढं हलकं टायर मागितलं, तर तो सरळ हाकलून द्यायचा.

स्वतःच्या धाकट्या भावापुढं मात्र तो नमला. भावाला शर्यतीसाठी पुढंही कमी गाठींचं, हलकं टायर हवं होतं. यानंच ते बसवून दिलं. पन्हाळ्याच्या उतारावर ओल्या मातीत पुढचं चाक निसटलं आणि भाऊ जागीच गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी टायर बदलायला गेलो. मागचं त्यानं झटक्यात बसवलं. पुढचं, चांगलं उंच गाठींचं, बसवलं, हवा भरली आणि काढलं. पुन्हा बसवलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा बसवल्यावर चाक मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला.

"चांगलं हाय की," मी म्हणालो.

"हाय. पर ह्याच्यावर उताराला जाऊ नका."

"मग कुठलं घालून जाऊ?"

"कुठलंच न्हाय. जाऊच नका, सर."

मी चाक उचलायला गेलो, तर त्याची बोटं सुटेनात.