उडी मारायला शिकवलं कोणी?

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण तेच नाव गल्लीतल्या एका सज्जन गृहस्थांचंही आहे. आम्ही अंगणातून हाक मारली की सुरुवातीला ते दोघंही यायचे. पुढं पुढं फक्त गृहस्थ यायचे.

तीन वर्षांपूर्वी कुत्रं आणलं माझ्या नवऱ्यानं. तो लातूरच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. मिलच्या वॉचमनच्या कुत्रीला पिलं झाली, त्यातलं एक त्यानं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. “लहानच राहणार हे,” असं मला छातीठोकपणे सांगितलं. वर्षभरात ते कालवडीएवढं झालं. तेव्हापासून नवऱ्याच्या कुठल्याही अंदाजावर मी विश्वास ठेवत नाही, पावसाच्या तर नाहीच.

मी स्वतः एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. मी व्हरांड्यात पाऊल टाकलं की चौथीचा वर्गसुद्धा चिडीचूप होतो. घरी मात्र मी “बस” म्हटलं की कुत्रं उभं राहायचं, “थांब” म्हटलं की पळायचं आणि “चल” म्हटलं की पोटावर पसरून माझ्याकडं दयेनं बघायचं. शाळेतल्या शिपायानं हे एकदा पाहिलं. त्यानंतर माझ्या सूचना तोही जरा सावकाश अमलात आणू लागला.

आम्ही सगळं हसण्यावारी नेलं. कुत्रं सोफ्यावर बसलं की “थकलंय बिचारं” म्हणायचो. पाहुण्यांच्या चपला पळवल्या की “खेळकर आहे हो” म्हणायचो. शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं हेच केलं असतं तर त्या कुत्र्याचे संस्कार आम्हीच काढले असते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काय माणसांपुरतंच असतं?

हसणं थांबलं ते माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. मुखेड तालुक्यातलं गाव सोडून त्या चार वर्षांपूर्वी आमच्याकडं राहायला आल्या. रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यावरच्या विहारात वंदनेला जायच्या, तिथं बरोबरीच्या बायकांशी तासभर बोलायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. त्या दिवशी त्या फाटकातून आत आल्या, कुत्रं नेहमीसारखं धावलं, दोन्ही पाय त्यांच्या खांद्यावर टाकले आणि पावसानं ओल्या झालेल्या फरशीवर आत्या कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी नांदेडची माझी नणंद गाडी घेऊनच आली. माणूस प्रेमळ, पण बोलायला लागली की समोरच्यानं भिंतीला टेकून उभं राहावं.

“वहिनी, आईला मी नांदेडला नेऊन राहिले. दोन महिन्यांनी चालायला लागंल ती. तवर ते कुत्रं शेतावर धाडा. न्हाईतर आई कायमची माझ्याकडंच राहील. दोघातलं एक काय ते ठरवा.”

“शिकवू ना आम्ही त्याला,” नवरा म्हणाला.

“दादा, कुत्र्याचं शेपूट सहा महिने नळीत घातलं तरी वाकडंच राहतंय.”

आत्या गाडीत मागं आडव्या झाल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. “शेतावर नका धाडू गं त्याला. तिथली कुत्री फाडून खातील. अन् मला बी लेकीच्या दारात लई दिवस ठेवू नका.” पंचाहत्तरीची बाई, आणि डोळे शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखे भरलेले. मी शब्द देऊन बसले.

पहिले दोन आठवडे नवऱ्यानं शिकवलं. म्हणजे खुर्चीत बसून मोबाईलवर व्हिडिओ लावायचे आणि त्यातला इस्त्री केलेल्या कपड्यांतला माणूस जे म्हणेल ते इंग्रजीत ओरडायचं. हे उंटावरून शेळ्या हाकणं. व्हिडिओतलं कुत्रं लगेच बसायचं. आमचं बिस्किटाच्या डब्याकडं बघत बसायचं. डबा कपाटात गेला की विद्यार्थी उठून जायचा. पंधरा दिवसांत कुत्र्याचं वजन वाढलं आणि नवऱ्याचंही, कारण प्रत्येक तुटलेलं बिस्कीट कुत्र्यालाच जात होतं असं नाही.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी एक पत्ता सांगितला. पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले एक हवालदार दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर कुत्र्यांची शाळा घेत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आम्ही गेलो. तिथं एका डॉक्टरीणबाईंचं ढोलं लॅब्रेडॉर होतं, आडत दुकानदाराचं जर्मन शेफर्ड होतं आणि आमचं डाळ मिलचं.

मास्तरांनी पहिल्यांदा काय केलं, तर तिन्ही कुत्री लिंबाच्या झाडांना बांधली. म्हणाले, “त्यांना जरा इसावा घेऊ द्या. तुमी रांगेत हुबे ऱ्हावा.”

“आणि शिकवणार कधी?” मी विचारलं.

“चालू झालं की, मॅडम. कुत्र्याला समदं येतंय. तुमालाच काय येत न्हाई.”

मला चूक दाखवलेली आवडत नाही. चुका दाखवायचा पगार मी घेते. पण रांगेत जाऊन उभी राहिले. मास्तरांनी आडत दुकानदाराच्या मनगटाला पट्टा बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “हे तुमचं कुत्रं. चालवा त्याला.”

मी म्हणाले, “चला.” दुकानदार हलले नाहीत. “चला की. अहो चला ना. चला म्हणते ना मी? काय हे, एकदा सांगून कळत नाही का? चला!”

“किती खेपा म्हणलाव?” मास्तरांनी विचारलं.

मी मोजलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं मोजलं होतं. तत्परतेनं म्हणाला, “पाच.”

“एकदा सांगायचं अन् थांबायचं. पाचदा सांगितलं की समोरचा पाचव्याची वाट बघतंय. कुत्रं असो न्हाईतर मालक असो.” यावर माझ्या नवऱ्यानं जी मान डोलावली ती मला अजून आठवते, आणि मी ती विसरणारही नाही. पुढच्याच खेपेला नवऱ्याला पट्टा बांधला आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला मैदानभर असं फिरवलं की त्याची मान डोलायची थांबली.

तिसऱ्या रविवारी मास्तरांनी आत्यांच्या पडण्याची गोष्ट विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, “उडी मारायला शिकवलं कोणी?”

“शिकवलं? अहो, कुणी कशाला शिकवेल!”

“शिकवल्याबिगर कुत्रं रोज एकच गोष्ट एकाच टायमाला करत नसतंय. उडी मारल्यावर म्हातारी काय करायची?”

आणि मग मला एकेक आठवत गेलं. आत्यांच्या गावाकडं शेवटची भाकरी कुत्र्याची असते. परातीत उरलेल्या पिठाची ती करायची, जाडसर, आणि दारात उभं राहून टाकायची. आमच्या कॉलनीत दारात कुत्रीच नव्हती. पण विहारातल्या बाकीच्या बायकाही खेड्यांतूनच आलेल्या, त्यांच्याही हातून ती शेवटची भाकरी सुटत नव्हती. सगळ्या जणी आपापली चतकोर आत्यांकडं द्यायच्या. “तुमच्याकडं कुत्रं हाय, घाला त्याला.” आत्या ते तुकडे पदरात बांधून आणायच्या. फाटकात आल्या की कुत्रं अंगावर उडी घ्यायचं आणि आत्या “घे बाबा, घे अन् सोड मला” म्हणत तुकडा काढून द्यायच्या. पुन्हा उडी, पुन्हा तुकडा. पदर रिकामा होईपर्यंत.

मास्तर पोट धरून हसले. “तीन वरसं, रोजच्या रोज, ठरल्या टायमाला, एक बी सुट्टी न घेता! मॅडम, म्हातारी तुमच्याहून लई भारी मास्तर हाय.”

मी कॉलनीत सगळ्यांना शिस्त लावत फिरत होते आणि माझ्याच फाटकात रोज हा तास भरत होता. मला ते नुसतं ऐकू यायचं, दिसलं कधी नाही. दिसणार कसं? त्या वेळी मी स्वयंपाकघरात असायची.

उपाय सोपा होता, लाजिरवाणा होता. कुणीतरी आत्या व्हायचं. त्यांच्यासारखं फाटकातून यायचं, कुत्र्यानं उडी घेतली की पाठ फिरवून परत जायचं, ते चारही पाय जमिनीवर ठेवून बसलं तरच भाकरी द्यायची. नवऱ्याला लुगडं नेसता येईना, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी आत्यांचं लुगडं नेसले, हातात काठी घेतली, पदरात भाकरी बांधली आणि रोज दिवेलागणीला फाटकातून आत-बाहेर करू लागले. एका संध्याकाळी वीसवीसदा. समोरच्या गच्चीवर बायका जमायच्या. एकीनं विचारलं, “मॅडम, गॅदरिंगचं नाटक हाय का?” शाळेतल्या दोन पालकांनी मला त्या वेषात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी विनाकारण माझ्या पाया पडले.

कुत्रं पहिल्या आठवड्यात गोंधळलं. उडी घेतली की भाकरीसकट म्हातारी निघून जाते, हे त्याला पटेना. एका संध्याकाळी तिसऱ्यांदा पाठ फिरवली तेव्हा ते फाटकाशी बसून असं रडलं की नवऱ्यानं आतून येऊन गुपचूप तुकडा दिला. त्यावरून आमचं जे भांडण झालं ते गच्चीवरच्या बायकांना नाटकाचा दुसरा अंक वाटलं असणार. पण मग ते बसू लागलं. आधी क्षणभर, मग मी दहा पावलं चालेपर्यंत, मग मी ओट्यावर टेकून “ये” म्हणेपर्यंत. आम्ही व्हिडिओ काढून नणंदेला पाठवला. तिचा फोन आला, “बसलं खरं. पण वहिनी, तुमी आईसारखं चालत न्हाईत. लई ठसक्यात चालताव.”

आत्या आल्या त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. गाडी थांबली. नणंदेनं वॉकर उघडला, आत्या उतरल्या. दोन महिन्यांत निम्म्या झाल्या होत्या. कुत्र्याला वास आला तसं त्याचं सगळं अंग थरथरू लागलं, शेपूट फरशी झाडू लागलं. आत्या फाटकात आल्या. एक पाऊल, दुसरं, तिसरं. कुत्रं बसलं ते बसलंच. घशातून बारीक आवाज काढत होतं, पण जागचं हललं नाही.

“शाबास, वहिनी,” नणंद म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले. शाळा तपासायला आलेल्या साहेबानं सही केल्यावर मी जशी उभी राहते तशी उभी राहिले.

आत्या मात्र थांबल्या होत्या. कुत्र्याकडं बघत होत्या. “असं काय करून राहिलंय गं ते? मला वळखलं न्हाई व्हय?”

“ओळखलंय हो आत्या. शिकवलंय आम्ही त्याला. आता ते कधी अंगावर यायचं नाही.”

“हाव का,” त्या म्हणाल्या. ओट्यावर टेकल्यावर मी “ये” म्हटलं तेव्हा ते शिकवल्याप्रमाणे आलं, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या त्याच्या कानामागं खाजवत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता, अगदी सहज, भाजीबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, “चांगलं केलाव. पडले तर तुमालाच तरास. पण मी बाहेरून आले की धावत येणारं या घरात तेवढं एकच होतं, मनून मला बी त्याला खाली ढकलू वाटत नव्हतं.”

तक्रार नव्हती त्यात. तक्रार असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडं उत्तरं कायम तयार असतात. आत्या रोज यायच्या तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता, मान न वळवता “आलात का” म्हणायची. नवरा मोबाईलमधून तेवढंही म्हणायचा नाही. चार वर्षं. मला फार लाज वाटली आणि ती कुणाला सांगताही आली नाही.

महिनाभरानं आत्या वॉकर घेऊन विहारात जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी दिवेलागणीला फाटकाची कडी वाजली. मी गॅस बंद केला, पिठाच्या हातांनीच बाहेर धावले आणि पायऱ्या उतरून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

आत्या दचकून थांबल्या. मग सावकाश मागं वळल्या आणि आपल्या पाठीमागं कोण पाहुणं आलंय ते रस्त्यावर शोधू लागल्या.