दहा चाळीसची नोंद

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचताना हसलोय. राग मानू नका. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी मेंटेनन्सला, इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. मशीन आपोआप सुरू झालं की लोक नारळ आणायला पळायचे आणि मी पॅनेल उघडून आतली मेलेली पाल काढून दाखवायचो. त्यामुळे भूत, करणी, चकवा... यातलं काही माझ्या पचनी पडत नाही. आजही पडत नाही. पण एका प्रसंगातली पाल मला अजून सापडलेली नाही, म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत. माझा कॉलसाईनही सांगणार नाही, जाणकार लगेच शोधून काढतील.

कॉलसाईन म्हणजे काय, ते आधी सांगतो. मला हॅम रेडिओचा नाद. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन मिळवायचं आणि स्वतःच्या वायरलेस सेटवरून जगभरच्या अशाच वेड्या लोकांशी बोलायचं – तोंडाने किंवा मोर्स या तारेच्या लिपीतल्या कट्ट-कडकट्टने. प्रत्येकाला एक खूण मिळते, ती कॉलसाईन. आणि प्रत्येक बोलणं वहीत नोंदवायचं असा नियम. तारीख, वेळ, कोण भेटलं, आवाज कसा होता, आपण कुठून बोललो. ही वही म्हणजे आमची अब्रू. खोटी नोंद केलेला माणूस आमच्यात कायमचा उतरतो.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. माझा जोडीदार दिलीप. नाशिकमध्येच द्वारका चौकात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, वर माडीवर घर. मोर्स त्याला मी शिकवला, सोल्डरिंग मला त्याने शिकवलं. बाहेरचे महागडे सेट आमच्या ऐपतीतले नव्हते, म्हणून दोघांनी मिळून एक बनवला. पेटीचा पत्रा सातपूरच्या एका शेडमध्ये वाकवून घेतला, अँटेनाची तार जळालेल्या मोटारच्या वाइंडिंगमधली. आमच्या दोघांत मिळून एवढा एकच सेट. आठवडाभर माझ्याकडे, जमेल तसा त्याच्याकडे.

रविवारी आम्ही तो कॉलनीतल्या बागेत न्यायचो. चाळीत अँटेना बांधायला जागा कुठली! बागेत दोन उंच निलगिऱ्या होत्या. सुतळीला नट बांधून फांदीवरून फेकायचा, तार वर ओढायची, मोटारसायकलची बॅटरी सिमेंटच्या बाकावर ठेवायची की झालं स्टेशन. पोरं जमायची. म्हातारे विचारायचे, "स्कोर किती झाला हो?" माळीबुवांना तर शेवटपर्यंत वाटायचं, आम्ही पाणीपुरवठा खात्याचे आहोत.

यात एक मेख होती. लायसन घरच्या पत्त्याचं असतं. सेट बाहेर नेऊन चालवायचा तर वेगळी परवानगी लागायची. मी अर्ज केला होता, उत्तर यायचं होतं. दिलीपसकट बाहेर जाणारे बहुतेक जण आपापल्या वहीत बिनधास्त 'घर' लिहायचे. मी मात्र 'बाग' लिहायचो. बायको म्हणायची, "हरिश्चंद्राचे जावई आहात का?" असेन. पण वहीत खोटं लिहायला माझा हात धजायचा नाही.

त्या वर्षी माझ्या आयुष्यातली एकमेव मोठी संधी आली. पुण्याचे एक जुने हॅम होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते चार-पाच जणांची तुकडी घेऊन लक्षद्वीपच्या एका बेटावर जाणार होते. दहा दिवस तिथून सेट चालवायचा आणि जगभरचे लोक त्या बेटाशी बोलायला रांगा लावणार. आमच्यातल्या माणसाला याहून मोठं काही नाही. नाशिकमधून एक जण घ्यायचा होता. काकांनी मला निवडलं – मोर्स चांगला आणि उघड्यावर काम करायची सवय. रजा मंजूर झाली, बायकोने समुद्रासाठी रबरी चपलासुद्धा आणल्या. दिलीपचं नाव मागे राहिलं. त्याने माझी पाठ थोपटली, पेढेही त्यानेच आणले.

आता तो रविवार. दिलीप सासरी नांदगावला गेला होता म्हणून मी बागेत एकटाच. चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे हॅमच्या नेहमीच्या एका पट्ट्यावर, चार-पाच जणांशी बोलून झालं, मग नुसता डायल फिरवत बसलो. दहा वाजून चाळीस मिनिटांनी एका जागी आवाज लागला. मराठी. एकदम स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा. कॉलसाईन नाही, काही नाही. एक माणूस तारखा वाचत होता. तारीख, वेळ, 'बाग'. पुढची तारीख, वेळ, 'बाग'.

आवाज दिलीपचा होता.

मागे कुकर शिट्ट्या देत होता. एक मुलगी तेराचा पाढा म्हणत होती आणि "तेरा साती अठ्ठ्याण्णव" म्हणून अडकत होती. मग तो म्हणाला, "सकाळी एक वाजून दहा... एक कसा? नऊ दहा. ह्याचा नऊ म्हणजे एकच." माझा ९ हा १ सारखा दिसतो यावरून दिलीप मला नेहमी छळायचा. मला हसूच फुटलं. मग एक बाई म्हणाली, "अहो, असं नका करू. त्यांच्या घरचं जेवलोय आपण." थोडा वेळ नुसती खरखर. आणि पुन्हा तो, "शेवटची – गेला रविवार, दहा चाळीस, बाग."

तेवढ्यावर आवाज बंद झाला. पुन्हा लागला नाही.

मी काय केलं? जे मला येतं ते केलं. नोंद केली. वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाज स्पष्ट आणि जोरदार, आणि ऐकलेला शब्द न् शब्द, पाढ्यासकट. गेल्या रविवारी मी फर्स्ट शिफ्टला होतो, बागेत नव्हतोच, त्यामुळे ती शेवटची तारीख चुकीची वाटली. बाकीच्या मात्र माझ्याच. मला वाटलं, दिल्या नांदगावहून लवकर परतला आणि दुकानातल्या कुठल्यातरी उपकरणावरून माझी फिरकी घेतोय.

सगळं आवरून थेट द्वारकेला गेलो. बघतो तर दिलीप, वहिनी आणि त्यांची पिंकी रिक्षातून उतरत होते. हातात बॅगा, सासरची कांद्याची पिशवी. नांदगावची एसटी नुकतीच पोचली होती. दहा चाळीसला ते तिघंही वाटेत होते! दुकानाच्या शटरवर दोन दिवसांची धूळ.

"फिरकी कशी घेतलीस ते सांग आधी," मी म्हणालो.

"कसली फिरकी? कंबर मोडलीये माझी त्या एसटीत."

मी वही उघडून त्याच्या हातात दिली. रस्त्यातच उभं राहून त्याने वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. तो हसेल असं मला वाटलं होतं, पण हसला नाही.

"बागेतलं सगळं खरं खरं लिहितोस तू?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय!"

"आणि परवानगी?"

"येईल की."

वही परत देता देता थांबून तो म्हणाला, "दोन दिवस असू दे माझ्याकडे. कार्डं भरायची राहिलीत." ज्याच्याशी बोलतो त्याला पोस्टाने कार्ड पाठवायची आमच्यात पद्धत आहे, आणि दिलीपचं अक्षर मोत्यासारखं. मी वही राहू दिली. शुक्रवारी त्याने ती आणून दिली, कार्डं भरलेली, वर माझ्या मुलासाठी रेवड्यांचा पुडा.

तीन आठवड्यांनी रजिस्टर पत्र आलं. आपण परवानगीशिवाय सार्वजनिक जागेतून प्रक्षेपण करता अशी तक्रार आहे. खुलासा करा, निकाल लागेपर्यंत प्रक्षेपण बंद ठेवा. सोबत तक्रारीची प्रत, टाइप केलेली, बिननावाची. त्यात तारखांची यादी. मी माझी नोंद काढून शेजारी ठेवली. त्याच तारखा, त्याच क्रमाने. आणि शेवटची ओळ – गेला रविवार, दहा चाळीस, बाग. तक्रारीवर मी वही दाखवली त्या रविवारनंतरच्या बुधवारची तारीख होती. म्हणजे 'गेला रविवार' हा तोच, ज्या रविवारी मी ते ऐकत बसलो होतो!

सांगायला लाज वाटते, पण गूढबिढ काही त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. मला फक्त रेवड्यांचा पुडा आठवला.

दुकानात गेलो. तो एका टीव्हीत डोकं घालून बसला होता. मी प्रत काउंटरवर ठेवली. ती एकदा पाहून तो स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला.

"अरे, मला सांगायचंस तरी. मी नाव मागे घेतलं असतं," मी म्हणालो. खरं तर घेतलं नसतं, पण तेव्हा तोंडातून तसंच आलं.

"तू तरी वहीत खरं कशाला लिहितोस?" तो म्हणाला.

बस्स, एवढंच. त्यानंतर आम्ही बोललो नाही. काकांना मीच कळवलं, लायसनचा घोळ असलेला माणूस ते नेणार कसे! माझ्या जागी दिलीप गेला.

मला बोलायला बंदी होती, ऐकायला नव्हती. बेटाच्या पहिल्या रविवारी मी तोच सेट घेऊन सकाळी बागेत गेलो. बायको म्हणाली, "कशाला जिवाला त्रास करून घेता?" तरी गेलो. साडेसातला तो लागला. मागे वारा, समुद्र की नुसती खरखर कोण जाणे. इंग्रजीत बोलता बोलता मध्येच तो मराठीत म्हणाला, "नाशिकचं कोणी आहे का? नाशिक?" दोनदा म्हणाला. माझा हात मोर्सच्या बटणावर होता. बंदी होती म्हणून मी उत्तर दिलं नाही, असं मी लोकांना सांगतो.

पुढे मला समज देऊन सोडलं. बंदी उठली, परवानगीही आली. तोवर बेट होऊन गेलं होतं आणि काकांनी दुसरी मोहीम काढली नाही.

सात-आठ वर्षांनी द्वारकेच्या स्टॉपवर वहिनी भेटल्या. दिलीपचं दुकान आता मोबाईलचं झालं होतं. मी नजर चुकवणार होतो, पण त्याच समोर आल्या.

"भाऊजी, किती दिस झाले. माझ्या मनात लय सलतंय वो ते."

मी म्हणालो, "वहिनी, एकच सांगा. त्याने ते पत्र लिहिलं तेव्हा घरात काय चाललं होतं?" मी स्वतःहून एक अक्षर सुचवलं नाही.

"बुधवारची संध्याकाळ व्हती. म्या कुकर लावला व्हता. पिंकी पाढे म्हनत व्हती. यांना लिवताना मोठ्यानं बोलायची सवय, तवा मला कळलं काय चाललंय. म्या म्हनले, असं नका करू, त्यांच्या घरचं जेवलोय आपण. तर हे असे दचकले, पांढरेफटक पडले. माझ्याकडं बघत ऱ्हायले. म्हनले, 'हे तू बोलणार हे मला ठाऊक हाय.'"

"आणि मग?"

"मंग काय... खाली मान घातली अन् शेवटची ओळ लिवली."

मी विचारलं, हे त्याच्या डोक्यात कधीपासून होतं? त्या म्हणाल्या, "आधी नव्हतं वो! पोरीची शपथ. नांदगावहून येताना एसटीत मला सांगत व्हते, कोचीनपर्यंत जायचं, तुमाला बोटीवर बसवून द्यायला. पैसं बाजूला ठेवले व्हते त्यांनी. तुमची वही वाचली अन् त्या रात्री झोपलेच नाय."

म्हणजे मी वही दाखवली नसती तर दिलीपच्या मनात ते आलं नसतं. त्याच्या मनात आलं नसतं तर मला काही ऐकू आलं नसतं. आणि ऐकू आलं नसतं तर मी दाखवलं काय असतं? हे चक्र मी शेकडो वेळा सोडवायला बसलोय. कोणी म्हणेल, त्याने माझी नोंद वाचून तसाच देखावा केला. मग रविवारी मी जे ऐकलं ते कुठून आलं? सेट दोघांत एकच, आणि तो माझ्यासमोर. वाऱ्यावर भलतीच स्टेशनं लागतात, मान्य, पण तीन दिवसांनंतरचा कुकर लागत नाही. दिलीपवर मला अजून राग आहे, तो राहणार. पण त्या आवाजावर त्याहून जास्त आहे. मला सावध करायचं होतं तर नीट करायचं होतं, नाहीतर गप्प बसायचं होतं. तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा, फक्त नारळ फोडायला सांगू नका.

वहिनींची बस आली. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या. "पन भाऊजी, एवढं सगळं ऐकलं व्हतं तुमी. त्यांचा आवाजबी वळखला व्हता. मंग ती वही त्यांनाच कशाला दाखवली?"

"वहिनी," मी म्हणालो, "दुसऱ्या कोणाला दाखवणार होतो?"