लाल कुलपाची दुसरी किल्ली

एका लाल कुलपाची आठवण झाली की मला आजही एकट्यालाच हसू फुटतं आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "झालं का सुरू तुमचं कुलूप?" ती हकीकत ऐकून ऐकून तिचे कान किटलेत. म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढावी. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. माणसं अजून नोकरीत आहेत, सुखात आहेत, तशीच राहोत.

निवृत्ती जवळ आली होती. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्याकडचे गुन्हे ठरलेले. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेणं, बांधावरून डोकी फुटणं, हायवेचे अपघात. आणि उसात बिबट्या दिसला की पहिला फोन आम्हाला. अरे बाबांनो, बिबट्या वनखात्याचा, असं हजारदा सांगितलं, तरी उत्तर एकच, "साहेब, बंदूक तुमच्याकडं हाये ना!" अशा ठाण्यात एके सकाळी शहरातून फोन आला आणि पलीकडच्या अधिकाऱ्यानं शब्द वापरला, घातपात. मी खुर्चीत सरळच झालो.

प्रकरण मेट्रोचं होतं. गाड्या जिथे उभ्या राहतात त्या शेडमध्ये रूळ आणि विजेची दुरुस्ती करायला एक ठेकेदार कंपनी होती. तिच्या सुपरवायझरनं तक्रार अर्ज दिला होता की एका कामगारानं मुद्दाम शेडची वीज अडवली आणि पळ काढला. कामगार आमच्या हद्दीतला, पिंपळवंडीजवळच्या एका मेंढपाळ कुटुंबातला. त्याला ताब्यात घ्या, आमचा माणूस सुपरवायझरला घेऊन येतोय, असा निरोप.

वीज कशी अडवली हे मला आधी समजेना. त्या अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं. दुरुस्तीला माणसं रुळावर उतरायच्या आधी वीज बंद करतात. बंद केलेल्या खटक्यावर प्रत्येक कामगार आपापलं लाल कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवतो. काम संपवून वर आला की ज्याचं त्यानं कुलूप काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज सुरू करता येत नाही. या पठ्ठ्यानं आपलं कुलूप तसंच ठेवलं आणि किल्ली घेऊन गावाला निघून गेला. सुपरवायझरचं म्हणणं, काल दुपारपर्यंत शेड बंद, गाड्या अडकल्या, आणि हे सगळं जुन्या भांडणाचा सूड म्हणून. गड्याचा फोनही बंद लागत होता.

मी आमच्या हवालदारांना बोलावलं. हवालदार म्हणजे पोट सुटलेला, पानाचा शौकीन आणि तालुक्यातल्या प्रत्येक घराची सोयरीक पाठ असलेला माणूस. ते टोपी शोधत होते तेवढ्यात जुन्नरच्या बाजारातून चाचांचा फोन आला. चाचांचं कुलूप-किल्लीचं दुकान. ठाण्याच्या कपाटांच्या किल्ल्या आम्ही हरवायच्या आणि त्यांनी करून द्यायच्या, असा आमचा जुना घरोबा.

"साहेब, मघाशी एक गडी येऊन गेला," चाचा म्हणाले. "गळ्यात काळा दोरा आन् दोऱ्यात अजब किल्ली. मला इचारतो, चाचा, ह्याची दुसरी किल्ली निघती का? मी म्हनलं, का निघनार नाही? तर तोंड येवढुसं झालं त्याचं. काही न करताच गेला. लक्षन ठीक नाही वाटलं, म्हनून फोन केला."

झालं! माझ्या डोक्यात सगळा सिनेमा तयार. हा डुप्लिकेट किल्ल्या काढून साथीदारांना वाटणार आणि सगळी मेट्रो बंद पाडणार. मी जीप काढायला सांगितली.

पिंपळवंडीच्या बाहेर कापणी झालेल्या रानात त्यांचा वाडा होता. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची जागा. बिबट्याच्या भीतीनं आता तारेची जाळी माणसाच्या डोक्याच्याही वर नेलेली, आणि दाराला दोराची जाडजूड गाठ. त्या दिवशी गावची यात्रा. आत आमचा घातपाती कपाळाला भंडारा लावून एका कोकराला बाटलीनं दूध पाजत बसलेला. मी दाराच्या गाठीला हात घातला आणि मागून एक आवाज कडाडला, "ओ पावणं! हात काढा!"

त्याचा बाप. पांढऱ्या मिशा, हातात काठी.

"मी पोलीस आहे," मी म्हणालो.

"आसा की. मी कुठं न्हाई म्हनलं? पर गाठ माझ्या थोरल्यानं बांधलीया. त्यो आला की त्योच सोडंल."

"आणि तो कुठाय?"

"पाणी आनाया गेलाय."

"म्हणजे मी उभा राहू?"

"बसा की. घोंगडी टाकतो."

माझं डोकं फिरलं. पण म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं, "साहेब, ज्यानं बांधलं त्यालाच ठावं आत किती आन् भाईर किती, आत कुनी मानूस हाये का न्हाई. दुसऱ्यानं सोडलं की घोळ. आमच्या वाड्याची रीतच हाये ती. माझा बाप आला तरी मी सोडू देनार न्हाई." हवालदार तोंड फिरवून खांदे हलवत होते. ते हसत होते, हे मला पाठमोरंही कळत होतं. आतून आरोपी म्हणाला, "साहेब, मी पळत नाय. पळू कुठनं? दारात तर तुमीच उभं." शेवटी थोरला आला, त्यानं गाठ सोडली आणि गुन्हेगार स्वतःच्या पायांनी येऊन जीपमध्ये बसला. माझ्या उभ्या नोकरीत आरोपीनं मला असं ताटकळत ठेवलं नव्हतं.

ठाण्यात आणून त्याला खुर्ची दिली. चौकशीत माझा एक नियम होता. आधी चहा, मग प्रश्न. तहानलेला माणूस लवकर संपावं म्हणून काहीही कबूल करतो, आणि ते नंतर आपल्याच गळ्यात येतं.

"कुलूप मुद्दाम ठेवलंस?"

"नाय साहेब. इसरलो. यात्रेची गाडी सुटत व्हती. डोक्यात नुसता ढोल वाजत व्हता. नारायणगावच्या स्टँडवर उतरलो आन् किल्ली हाताला लागली."

"मग?"

"मग लगेच सुपरवायझर साहेबांना फोन लावला. म्हनलं, मी उलट गाडीनं येतो. ते म्हनले, नको येऊ, आमी उघडलंय. मी म्हनलं, उघडलं? कसं? तर शिव्या दिल्या, म्हनले आता पोलीसच येतील तुझ्याकडं, आन् फोन ठेवला. मी घाबरून फोन बंद केला."

"आणि चाचांकडे कशाला गेलास?"

त्यानं गळ्यातला दोरा मुठीत धरला. "साहेब, किल्ली माझ्या गळ्यात. मग कुलूप उघडलं कशानं?"

मग त्यानं खरं दुखणं सांगितलं. काही महिन्यांपूर्वी त्याचा जोडीदार रुळावरून नुकताच पाय काढत होता आणि वीज सुरू झाली. हातभर अंतरानं वाचला. जोडीदाराचं कुलूप आधीच कुणीतरी काढलेलं होतं. यानं तक्रार केली की सुपरवायझरकडे सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्या आहेत, माणसं वर यायच्या आत ते वीज सोडतात. कंपनीनं विचारलं, सुपरवायझरनं कानावर हात ठेवले. जोडीदार स्वतःच कुलूप काढून विसरला असेल, म्हणाले. तेव्हापासून हा भांडखोर ठरला.

"साहेब, केस झाली तर पुन्यांदा कुठल्या रेल्वेत मला उभं करनार नाय," तो म्हणाला. "माझं जाऊ द्या. पर त्या लायनीवर माझी मानसं हायेत."

मला त्याचं पटलं होतं. पण पोलिसाला नुसतं पटून भागत नाही. मी म्हणालो, "बरं, किल्ली इकडे दे. पुरावा आहे तो."

"न्हाई देनार."

"काय?"

"कुलूप म्होरं आना, मी काढतो. किल्ली कुनाच्या हातात देनार नाय."

"बापावर गेलाय, साहेब," हवालदार म्हणाले.

दुपारी सुपरवायझर आले. सोबत शहरातला एक शिपाई. सुपरवायझरांच्या डोळ्यांवर गॉगल, शर्ट कडक इस्त्रीचा, पण चेहऱ्यावर झोप न झाल्याचा शीण. आल्याआल्या त्यांनी पिशवीतून लाल कुलूप काढून टेबलावर ठेवलं. "हे बघा, साहेब. यानं शेड बंद पाडली. काल दुपारपर्यंत आम्ही हतबल."

मी कुलूप हातात घेतलं. कडी उघडी. ना कुठे करवतीचा ओरखडा, ना घणाचा घाव. नवं कोरं कुलूप. म्हणजे किल्लीनंच उघडलेलं, आणि किल्ली समोर याच्या गळ्यात.

"कसं उघडलंत?" मी सहज विचारलं.

"कापलं." मग माझ्या हाताकडे बघून, "म्हणजे... तोडलं. म्हणजे माणसानं तोडलं, मी तिथे नव्हतो."

वाद घातला असता तर वकिलासारखं बोलत बसले असते. माणूस तोंड सांभाळतो, हाताची सवय सांभाळत नाही. मी हवालदारांकडे बघितलं. इतक्या दिवसांच्या संगतीत एवढं पुरतं.

"सर, चौकशीच्या खोलीत मोबाईल चालत नाही," हवालदार अदबीनं म्हणाले. त्यांनी सुपरवायझरांचा फोन घेऊन माझ्या कपाटात ठेवला, दार लावलं आणि कडीत तेच लाल कुलूप घालून खट्टकन दाबलं. कपाटाचं आमचं कुलूप नेमकं बिघडलं होतं, असं ते म्हणाले. हे कुठल्याही पोलीस मॅन्युअलमध्ये नाही, आणि कुणी शोधायलाही जाऊ नये.

मी जबाब लिहायला घेतला. आईचं नाव, मूळ गाव, शिक्षण. सावकाश, एकेक अक्षर घोटून. चहावाला कप गोळा करायला आला, त्याला तिथेच बसवलं. दाखल्यासाठी आलेले एक गुरुजी दारात होते, त्यांनाही खुर्ची दिली. दोन पंच तयार.

कपाटात फोन वाजू लागला. जोरदार देशभक्तीची धून.

"आमचे मोठे साहेब," सुपरवायझर अर्धे उठले. "जरा काढता का?"

"किल्ली याच्याकडे," मी म्हणालो. "आणि हा देत नाही. काय करणार? पुढे लिहू. तुम्ही नववीला कुठे होता?"

धून थांबली. पुन्हा वाजली. सुपरवायझरांच्या कपाळाला घाम आला. "साहेब, ते फोन न उचलला तर..." "हो, हो. नववीला?" तिसऱ्यांदा धून वाजली तसे ते ताडकन उठले, पँटच्या खिशातून किल्ल्यांचा एक भलामोठा जुडगा काढला, चटकन नेमकी किल्ली निवडली, कुलूप उघडलं, कपाटात हात घातला आणि फोन कानाला लावला. "हॅलो, सर!"

मग चहावाला खो-खो हसत सुटला. सुपरवायझरांनी वळून बघितलं, हातातल्या जुडग्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

"फोन चालू ठेवा," मी म्हणालो. "मोठ्या साहेबांशी मलाही बोलायचंय."

जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीला एकेका कामगाराच्या नावाची चिकटपट्टी होती. पंचनामा झाला. शेडची वीज दुपारपर्यंत बंद वगैरे काही नव्हतीच. कुलूप त्यांनी लगेच उघडलं होतं आणि काम वेळेवर झालं होतं. नको असलेला माणूस घालवायची संधी सापडली, एवढंच. मला राग आला, पण खुर्चीत बसून ते म्हणाले ते खोटं नव्हतं. "साहेब, गाड्या निघायच्या आत वीज द्या म्हणून वरून फोनवर फोन येतात. माणसं चढून वर यायला वेळ लागतो. मी बघून घ्यायचो, सगळे बाहेर आलेत ना."

"आणि जोडीदाराच्या वेळी?" सुपरवायझरांसमोर त्या गड्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

सुपरवायझरांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला. "त्या दिवशी मोजण्यात चूक झाली," ते म्हणाले.

माझा अहवाल शहरात गेला. मेंढपाळाच्या पोरावरचा अर्ज निकाली निघाला. उलट चौकशी सुपरवायझरांची झाली आणि वीज सोडण्याच्या कामावरून त्यांना हटवलं. दुसऱ्या किल्ल्यांचा जुडगा सगळ्या कामगारांच्या समोर कापून टाकला, असं त्या पोरानं मला फोनवर सांगितलं. "जोडीदारानं पयली किल्ली कापली, साहेब. लई मज्जा आली!" असा ओरडत होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? सुरक्षेचे नियम असे अडाणी, आडमुठे का असतात, ते मला त्या वाड्याच्या दारात कळलं. वर्दी असो, ओळख असो, घाई असो, ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. त्यात एकासाठी सूट दिली की आतल्या माणसाचा जीव कुणाच्या तरी मोजण्यावर राहतो. हे मी नंतर भाषणांत सांगायचो आणि टाळ्याही मिळायच्या.

खरी परीक्षा पुढच्या यात्रेला झाली. तोवर मी निवृत्त होऊन ठाण्याच्या गावातच राहत होतो. त्यांनी जेवायला बोलावलं. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, पोट भरून हसणं. संध्याकाळी मेंढरं आत घेतली तेव्हा म्हाताऱ्यानं दोर माझ्या हातात दिला. "साहेब, आज मानाची गाठ तुमची." मी छाती फुगवून चांगली करकचून गाठ बांधली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि घरी येऊन झोपलो.

सकाळी चहाचा कप तोंडाला लावतोय तोच फोन. म्हातारा.

"साहेब, उठला का?"

"उठलो. का हो?"

"मेंढरं वरडाया लागल्यात. चराया सोडायची हायेत. सगळी दारात उभी हावोत आमी."

"मग सोडा की!"

मग म्हातारा अगदी समजुतीनं म्हणाला, "गाठ तुमची हाये, साहेब."

मी कप खाली ठेवला, चपला शोधल्या आणि स्कूटर काढली. मागून बायको हसत होती.