इतर नोंदींची जागा

इंदिरानगरच्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात एक अनुभवी बाई माझ्या शेजारी बसायच्या. मूळच्या नांदगावच्या. कोड लिहिताना त्यांचे ओठ हलायचे. कुणी घाई केली की म्हणायच्या, "थांबा हो, लय पळू नका."

एका दवाखान्याच्या सॉफ्टवेअरसाठी डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे कोडचा संच, त्यांनीच लिहिली होती. ठरलेल्या रकान्यांखेरीज तिच्यात 'इतर नोंदी' नावाची एक मोकळी जागा होती. नर्सला वेगळं काही लिहावंसं वाटलं, तर ते तिथे जाई. नव्या आवृत्तीत ती जागा मी काढून टाकली. "तिथे कचराच असतो," मी म्हणालो. त्या आपल्या कीबोर्डकडे वळल्या.

सोमवारी नर्सचा फोन आला. एका आजींना कुठलंसं औषध चालत नाही, असं पूर्वी लिहिलेलं आता दिसत नव्हतं, आणि इंजेक्शन तर द्यायचं होतं. ती नोंद मी काढून टाकलेल्या जागेतच होती.

शेजारून त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला. "सिस्टर, इंजेक्शन थांबवा. मी वाचून दाखवते." आवृत्ती बदलण्याआधीच त्या सगळ्या नोंदींची प्रत त्यांनी काढून ठेवली होती. "पेनिसिलीन चालत नाही," त्यांनी दोनदा वाचलं.

थोड्या वेळाने सिस्टरांनी कळवलं, आजींना दुसरं औषध दिलं, त्या ठीक आहेत.

"जेवून घ्या आता," त्या मला म्हणाल्या. मी डबा उघडला, पण आजी वाचल्याच्या आनंदात बराच वेळ नुसताच हसत बसलो.