दोन्ही कान अख्खे

गिलफॉर्ड घाटाच्या खालच्या अंगाला, जिथे मिसिसिपी वळण घेताना जरा दम खाते, तिथे एका झाडाच्या मुळांना बांधलेली होडी होती. होडीवर फळकुटांची खोली, खोलीवर वाकडं धुराडं, आणि खोलीत झिल्पा प्रुइट. वय सोळा. आई तापाने गेलेली, बाप तराफ्यावर बसून न्यू ऑर्लिन्सला गेला तो गेलाच. गावात काही हरवलं की आधी झिल्पाचं नाव निघायचं, आणि मग वस्तू शोधायला सुरुवात व्हायची.

पण गाव तिच्यापासून लांब राहायचं ते तिच्या बोलण्यामुळे. झिल्पा एकटीच बोलत चालायची. आपल्या पोटात एक बाई राहते, असं तिचं म्हणणं होतं. ती बाई दिवसभर टोकत असे आणि झिल्पा तिला मोठ्याने उत्तर देत असे. अशी बाई सगळ्यांच्याच पोटात असते आणि लोक तिच्याशी तोंड मिटून भांडतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ती सफरचंदं लोकांची आहेत," बाई म्हणायची.

"खाली पडलीत," झिल्पा भर रस्त्यात उभी राहून म्हणायची. "आणि त्यातल्या एकात अळी आहे. तिला जाऊन सांग की."

आया पोरांना घरात ओढून घ्यायच्या.

झिल्पाचं म्हणावं असं जगात एकच होतं, टॅबिथा नावाची डुकरीण. पुरात ओंडक्यावर बसून वाहत आलेलं पिल्लू तिने हुकाने ओढून घेतलं होतं. दिवसा टॅबिथा गावाच्या बाकी डुकरांसारखी रानात ओकची फळं खात हिंडायची, आणि संध्याकाळी होडीवर येऊन झिल्पाच्या पायांवर झोपायची. हिवाळ्यात त्यासारखी ऊब नव्हती, आणि टॅबिथा उलटून बोलत नसे.

रानात सगळ्यांची डुकरं एकत्र, म्हणून ज्याची त्याची खूण कानावर कापलेली असायची. कुणाची उजव्या कानाला खाच, कुणाच्या डाव्याचं टोक उडवलेलं. ती खूण कोर्टातले कारकून अ‍ॅम्ब्रोज टिस्डेल यांच्या वहीत लिहिलेली असायची, आणि तिच्यावर नंतर कुणी चाकू चालवला तर सरळ तुरुंग.

झिल्पा तीन दिवस चाकू घेऊन टॅबिथाच्या मागे फिरली. चौथ्या दिवशी ती कोर्टात गेली.

"मग, पोरी, कुठला कान कापलास?" टिस्डेलनी विचारलं.

"कापवत नाही. दोन्ही कान अख्खे, असं लिहा."

ओसरीवर बसलेले सगळे हसले. टिस्डेलही हसले, आणि हसता हसता त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: झिल्पा प्रुइट, दोन्ही कान अख्खे. खाली शिक्का मारला. गावाला तो विनोद आठवडाभर पुरला.

पुढच्या वसंतात नदी चढली. कुंपणं गेली, गोठे गेले, आणि जो तो आपलं छप्पर शोधत नदीकाठाने हिंडू लागला. त्या धावपळीत वसंतातल्या पिल्लांचे कान कापायला कुणालाच सवड झाली नाही. पिल्लं रानात वाढली, ओकची फळं खाऊन गोल झाली. पानं लाल झाली तेव्हा सेंट लुईसचा व्यापारी आला. तो डुक्कर बघायच्या आधी वही बघणारा माणूस होता. त्याने पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही झिल्पा प्रुइट कोण? रानातल्या निम्म्या डुकरांचे दोन्ही कान अख्खे आहेत, म्हणजे ती तिचीच दिसतायत."

तेव्हा मात्र ओसरीवर कुणी हसलं नाही; आता कान कापायला जावं तर तुरुंग.

दुसऱ्या दिवशी होडीवर चढायच्या फळीवर रांग लागली. ज्यांनी तिला आजवर "ए" म्हटलं होतं ते "मिस प्रुइट" म्हणू लागले. चर्चचे पंच यूस्टस स्टॉडर्ड काळा कोट घालून आले, आणि फळी अरुंद असल्यामुळे एक पाय नदीत घालून आले. मागे त्यांची बायको पर्मेलिया, हातात लोणच्याची बरणी.

"मिस प्रुइट," पंच बूट निथळवत म्हणाले, "आमची तीस डुकरं चुकून तुमच्या खुणेत आलीत."

"स्टॉडर्ड, सतरा," पर्मेलियाबाई हळूच म्हणाल्या.

"देव वाढवतो, बाई."

संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपापला आकडा सांगितला. बेरीज केली तर इलिनॉयभर डुकरं पसरली असती.

ते गेल्यावर झिल्पा टॅबिथाच्या अंगाला टेकून बसली.

"देऊन टाकते," ती म्हणाली.

"खबरदार," पोटातली बाई म्हणाली. ही बाई चर्चच्या खिडकीखाली उभी राहून शिकलेली होती, त्यामुळे तिचे विचार फार सभ्य होते. "वहीत आहे, शिक्का आहे. शिक्का मोडणं पाप आहे. मोठी माणसं असं कधी करतात का?"

"पण ती माझी नाहीत."

"कायद्याने आहेत. आणि वेडे, ती ओळ खोडलीस तर टॅबिथा कुणाची? तिच्याही कानाला खूण नाही. उद्या कुणीही म्हणेल, माझी. खारवून पिंपात जाईल ती."

झिल्पाने टॅबिथाचा कान बोटांत धरला. कान उबदार होता, पानासारखा, आणि अख्खा होता.

"मग मी पापी," ती शेवटी म्हणाली. "तसंही गावाला ते आधीपासून ठाऊक आहे."

सकाळी तिने कोर्टात जाऊन ओळ खोडायला लावली. टिस्डेलना रडू आलं. दया आली म्हणून नाही, पान खराब झालं म्हणून. मग व्यापारी म्हणाला, बरं, आता कुठलं कुणाचं हे ठरवायचं कसं? माणसं एकमेकांच्या कॉलरला हात घालायच्या बेतात होती.

"हाका मारा," झिल्पा म्हणाली. "ज्याच्या हाकेला येईल, त्याचं. रोज खायला घालणाऱ्याचा आवाज डुक्कर विसरत नाही."

हे सगळ्यांना पटलं, कारण तिथे प्रत्येक घराची हाक वेगळी असते आणि प्रत्येकाला आपलीच गोड वाटते. रानाच्या तोंडाशी सगळे उभे राहिले. कुणी लांबच लांब "सूऽऽई" केलं, कुणी बादली बडवली, एक म्हातारा तर नुसता खोकला आणि त्याची नऊच्या नऊ डुकरं धावत आली. लोकांनी टोप्या काढल्या.

मग स्टॉडर्ड पुढे झाले. छाती फुगवून, प्रार्थनेच्या आवाजात त्यांनी बोलावलं. रान गप्प. पुन्हा बोलावलं. एका खारीने वाकून बघितलं.

"यांनी उभ्या जन्मात डुकराला दाणा टाकला नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी पर्मेलियाबाईंकडे पाहिलं. बाई म्हणजे गावाची प्रतिष्ठा. शिंकायच्या त्याही रुमालाची परवानगी घेऊन. त्यांनी टोपीची नाडी सोडली, हातमोजे काढून नवऱ्याकडे दिले, आणि अशी काही आरोळी ठोकली की नदीवरच्या बोटीने उत्तरादाखल भोंगा वाजवला. झुडपं फाटली. सतरा डुकरं धावत आली.

आणि त्यांच्या मागून, कान हलवत, टॅबिथा आली.

टॅबिथा झिल्पाकडे न बघता सरळ बाईंच्या झग्यात नाक खुपसून उभी राहिली.

"अठरा," पंच म्हणाले. "बघा, देव वाढवतो."

"हाक मार ना," पोटातली बाई म्हणाली. "खोटं बोल. तिच्या पाठीवर डाग आहे म्हण, काहीही म्हण."

"नियम मीच केलाय, आणि ती त्यांच्या हाकेला आली," झिल्पा म्हणाली. मोठ्यानेच म्हणाली, नेहमीसारखी, पण आज कुणी पोरांना मागे ओढलं नाही.

पर्मेलियाबाई खाली बघत होत्या. टॅबिथा त्यांचा खिसा चावत होती.

"स्टॉडर्ड," त्या म्हणाल्या, "ही आपली नाही."

"तुझ्या हाकेला आली, बाई."

"आली, कारण..." बाई थांबल्या. त्यांची मान लाल झाली, मग कान. साऱ्या जिल्ह्यात त्यांच्या सफरचंदाच्या केकचं नाव होतं. तीन जत्रांत पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळालेली. "कारण मी दर शनिवारी तीन केक करते आणि त्यातले दोन बिघडतात. करपतात, नाहीतर मधोमध बसतात. ते मी मांसाला धूर द्यायच्या खोलीमागे टाकते आणि ही येऊन खाते. वर्ष झालं. तिला माझी हाक ठाऊक नाही, तिला माझी फजिती ठाऊक आहे."

पंचांच्या हातून हातमोजे पडले. डुकरं गेली असती तरी त्या माणसाला एवढं लागलं नसतं.

"ने तिला," बाई झिल्पाला म्हणाल्या. "लवकर ने. माझा खिसा गेला."

व्यापाऱ्याने आपली डुकरं हाकली, गाव घरी गेलं, आणि त्या संध्याकाळी होडीवर टॅबिथा नेहमीसारखी पायांवर झोपली. अपराधी वगैरे मुळीच वाटलं नाही तिला.

शनिवारी ती पुन्हा स्टॉडर्डांच्या घराची टेकडी चढून गेली. झिल्पा तिला आणायला गेली, तर स्वयंपाकघराच्या पायरीवर पर्मेलियाबाई बसलेल्या, पुढ्यात तीन केक.

"आलीस, ते बरं झालं. घरातली माणसं खरं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "चाखून सांग, रविवारी चर्चला यातला कुठला नेऊ?"

झिल्पाने पहिला चाखला. दुसरा चाखला. तिसऱ्याला चावायला वेळ लागला. पोटातली बाई म्हणाली, छान झालाय म्हण, चांगल्या घरात असंच म्हणतात.

"एकही नाही," झिल्पा म्हणाली. "हा खालून जळालाय. तो आत कच्चा आहे. आणि यात साखरेच्या जागी मीठ पडलंय, बाई."

पर्मेलियाबाईंनी तिसऱ्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि लगेच बाहेर काढला. मग उठून त्यांनी तिन्ही केक एकेक करून टॅबिथापुढे ठेवले.

"आत ये," त्या दाराशी वळून म्हणाल्या. "हात धू आधी. साखर कुठली ते तूच बघ, मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावला की स्टॉडर्ड हसतात."