मागावरचं बोलणं

आमचं घर फार शांत. शेजारणीला वर्षानुवर्षं वाटत होतं की, माझ्या आईवडिलांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे. प्रत्यक्षात दोघं दिवसभर बोलत असायचे, फक्त आवाज न काढता. वडील भवानी पेठेतल्या एका कारखान्यात टॉवेलचे माग चालवायचे. आई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. त्या खडखडाटात ओरडून घसा कोण बसवणार? सगळे कामगार नुसते ओठ हलवून बोलायचे. मालकाला शिव्याही तशाच द्यायचे, अगदी त्याच्या पाठीमागे उभं राहून. तीच सवय घेऊन दोघं संध्याकाळी घरी यायचे. आमटीतल्या मिठापासून माझ्या लग्नापर्यंत सगळं त्यांनी असंच ठरवलं. मला भयंकर राग यायचा, कारण मी जरा तोंड फिरवलं की माझ्याबद्दल काय शिजतंय याचा पत्ता लागायचा नाही.

मागांनी वडिलांचे कान हळूहळू खाल्ले. पण त्यांचं काही अडलं नाही. बाजारात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बरोब्बर उत्तर द्यायचे. कानाला यंत्र लावा म्हटलं की, "मी काय म्हातारा झालो व्हय?" असं विचारून विषय संपवायचे.

मग आईला लकवा झाला आणि मी माहेरी येऊन राहिले. हातापायात ताकद आली, वाचाही परत आली, पण तोंड एका बाजूला ओढलेलंच राहिलं. आमच्याशी ती आवाज काढून बोले, ते अडखळत का होईना, समजायचं. वडिलांशी मात्र ती जुन्या सवयीनं ओठांनीच बोलायची, आणि ते वाकडे ओठ त्यांना वाचताच येईनात. तिनं पाणी मागावं, यांनी चष्मा आणून द्यावा. ती आधी चिडायची, मग तोंडाला पदर लावून रडायची. मला ते बघवत नसे. एके दिवशी वडीलच म्हणाले, "चल, ते यंत्र घिऊ. ही काय बोलती ते मला कळंना झालंय." आणि चप्पल घालून दारात जाऊन उभे राहिले.

हल्ली ही यंत्रं शेंगदाण्याएवढी झाली आहेत. मोबाइलवरून आवाज कमी-जास्त करता येतो, फोनसारखी चार्जही होतात. यंत्रांच्या दुकानात गेलो, तर आधी कान तपासायचे होते. वडिलांना काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. काचेबाहेरून एक मुलगी माइकमध्ये एकेक शब्द बोलू लागली, तो वडिलांनी परत म्हणायचा. पाणी. दार. शाळा. वडील शाळेतल्या हुशार पोरासारखे पटापट उत्तरं देत होते. मुलगी आवाज कमी करत गेली, तरी एक शब्द चुकेना. शेवटी ती मला म्हणाली, "बाबांचे कान माझ्यापेक्षा चांगलेत की! यंत्र कशाला पायजे?"

मी चक्रावलेच. मग वडिलांची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. म्हटलं, "बाई, त्यांनी सगळा जन्म मागावर काढलाय. ते तुझे ओठ वाचतायत. आधी तोंडावर मास्क लाव!"

तिनं हसत मास्क लावला. वडील वाट बघत बसले. ती बोलत होती, ते नुसते बघत होते. थोड्या वेळानं काचेतून मला म्हणाले, "बोलायची का थांबली ही?"

ते किती आत, किती एकटे बसलेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलीचंही हसू थांबलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून तपासणी केली आणि त्याप्रमाणे यंत्र बसवलं.

घरी आल्यावर वडील आईसमोर बसले. "आता बोल." आईनं ओठ हलवले. आवाज नाही. "आगं, आवाज काढ की!" ती चक्क लाजली, या वयात. आमच्याशी एरवी आवाज काढून बोलणाऱ्या बाईला नवऱ्यासमोर आवाज काढणं जमेना. ती पदराशी चाळा करत राहिली. वडील हिरमुसले, पण यंत्र काही काढलं नाही. पुढचे काही दिवस मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, शेजारणीचं भांडण, सगळं त्यांना ऐकू येत होतं. फक्त आई नाही.

परवा सकाळी ते दाराकडे तोंड करून पेपर वाचत बसले होते. आई स्वयंपाकघरात होती. दूध उतू चाललं आणि तिच्याच्यानं पटकन उठवेना. ती घाबरून ओरडली, "अहो!"

वडिलांनी वळून पाहिलं.

माझ्या उभ्या आयुष्यात मी आईला त्यांना पाठीमागून हाक मारताना पाहिलं नव्हतं. मारून उपयोगच नव्हता. काही सांगायचं तर तिला त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागायचं. दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिले होते. शेवटी मीच धावत जाऊन गॅस बंद केला.

वडिलांनी पेपर बाजूला ठेवला. मुद्दाम पुन्हा दाराकडे तोंड केलं, आईकडे पाठ केली आणि म्हणाले, "आता परत हाक मार."